नागरी हक्कांचे कायदे होऊन साठ वर्षे झाली, तरी अमेरिकेतली वांशिक दरी का बुजत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला, १९६५ला मतदान हक्काचा आणि १९६८ला घरांच्या विक्री-भाड्यातल्या भेदभावाविरुद्धचा. पुढे कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून आला. तरीही गोऱ्या कुटुंबाची संपत्ती कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहापट कशी? मग कायदेच कुचकामी होते म्हणायचे, की कायद्याने त्याचे काम केले आणि उरलेला दोष लोकांचा म्हणायचे?

दोन्ही म्हणता येत नाही. हे तिन्ही कायदे एका दमात घेतले जातात, पण त्यांची अंमलबजावणी अगदी वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेली होती. कायद्याने काय मना केले हे सगळेच वाचतात. त्याहून उपयोगी तीन प्रश्न आहेत: उल्लंघन झाले हे दाखवायची जबाबदारी कोणावर, त्यासाठी मुदत किती, आणि हरल्यास समोरच्याच्या खिशातून काय जाते. प्रगती कुठे झपाट्याने झाली आणि कुठे रुतली, हे बरेचसे या तीन उत्तरांवरून कळते.

आधी आकडे नीट लावून घेऊ, कारण यावरचा वाद बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावरून होतो. अमेरिकेची केंद्रीय बँक फेडरल रिझर्व्ह दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करते. २०२२च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. सगळी कुटुंबे संपत्तीनुसार रांगेत उभी केली तर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचा हा आकडा. सरासरी काढली तर मूठभर अब्जाधीश ती वर ओढतात, म्हणून ‘सहापट’ म्हणणारा मध्यकाबद्दल बोलतोय की सरासरीबद्दल, हे आधी विचारावे. आता त्याच वर्षीचे उत्पन्न पाहा. जनगणना खात्याच्या हिशोबाने हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचे) नसलेल्या गोऱ्या कुटुंबाचे मध्यक उत्पन्न सुमारे ८१,००० डॉलर होते, कृष्णवर्णीय कुटुंबाचे सुमारे ५३,०००. म्हणजे उत्पन्न दीडपट आणि संपत्ती सहापट. उत्पन्न आजचे असते, संपत्ती मात्र दोन-तीन पिढ्यांची साठलेली असते. कायद्याचा हात पहिल्यापर्यंत बऱ्यापैकी पोचला, दुसऱ्यापर्यंत फारच कमी.

पोचला तिथे किती पोचला, हेही सांगायलाच हवे. १९५९ साली कृष्णवर्णीयांमध्ये दारिद्र्यरेषेखाली ५५ टक्के लोक होते. २०२२मध्ये १७ टक्के. गोऱ्यांच्या मानाने हे अजून दुप्पट आहे, पण ‘काहीच बदलले नाही’ म्हणणाऱ्याने हा आकडा डोळ्यांआड केलेला असतो.

सगळ्यात वेगवान बदल झाला तो इस्पितळांत, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९६४च्या कायद्यातले सहावे प्रकरण सांगते की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशावरून भेद करता येणार नाही. नुसत्या वाक्याने काही झाले नसते. पण १ जुलै १९६६ला ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली आणि प्रत्येक इस्पितळाला केंद्राच्या पैशाची आशा लागली. निरीक्षक प्रत्यक्ष जाऊन पाहत: वॉर्ड वेगळे आहेत का, प्रतीक्षागृहे वेगळी आहेत का, दोन खाटांच्या खोलीत रुग्ण कसे ठेवले आहेत. पास न झालेल्या इस्पितळाला पैसे नाहीत. चार महिन्यांच्या आत हजाराच्या आसपास इस्पितळांनी वेगळे वॉर्ड मोडले. रुग्णाला तक्रार करावी लागली नाही, वकील लावावा लागला नाही. आपण सुधारलो हे दाखवायची जबाबदारी इस्पितळावर होती आणि न दाखवल्यास नुकसान तत्काळ.

शाळांतही तेच. वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४चा, पण दहा वर्षांनंतरही दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांसोबत शिकणारी कृष्णवर्णीय मुले दोन टक्क्यांच्या आसपासच होती. १९६५ला केंद्राने शाळांना मोठे अनुदान सुरू केले, ते थांबण्याची भीती आली, न्यायालयेही कडक झाली, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण दहात नऊवर गेले.

मतदानाच्या कायद्याची रचना तर नमुनेदार. ज्या राज्यात वा काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) साक्षरता परीक्षेसारखी अट होती आणि १९६४च्या निवडणुकीत निम्म्याहून कमी प्रौढांची नोंदणी किंवा मतदान झाले होते, तिथे पाचवे कलम लागू. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया ही राज्ये आणि नॉर्थ कॅरोलिनाचा बराच भाग त्यात आला. तिथे निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा, अगदी मतदान केंद्र एका शाळेतून दुसरीकडे हलवायचे, तरी आधी वॉशिंग्टनची मंजुरी. न्याय खात्याला साठ दिवस. बदलामुळे कृष्णवर्णीयांची स्थिती बिघडत नाही हे राज्याने पटवायचे. शिवाय केंद्राचे अधिकारी थेट काउंटीत बसून नावे नोंदवू लागले. मिसिसिपीत पात्र कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांची नोंदणी होती, ती दोन वर्षांत साठ टक्क्यांच्या घरात गेली.

२०१३च्या शेल्बी काउंटी निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नेमका हा दात काढला. पूर्वमंजुरीचे कलम रद्द केले नाही. ते कोणाला लागू हे ठरवणारे सूत्र जुनाट ठरवले. सूत्र नाही म्हणून कलम नुसते कागदावर. त्याच दिवशी टेक्सासने आपला अडवून ठेवलेला, मतदानाला ओळखपत्र सक्तीचे करणारा कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून हा मार्ग उलटा झाला: आधी नियम लागू होतो, मग मतदाराने दावा लावायचा. अलाबामात काय झाले पाहा. तिथला २०२१चा मतदारसंघांचा नकाशा खालच्या न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये अडवला, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत त्या आदेशाला स्थगिती दिली, नोव्हेंबरची निवडणूक त्याच नकाशावर झाली आणि जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचेच बरोबर ठरवले. मतदार जिंकले, पण तोवर एक निवडणूक होऊन गेली होती.

आता घरे. संपत्तीची दरी मुख्यतः इथली आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९३०च्या आधी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे निम्मी रक्कम रोख, उरलेली तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने आणि शेवटी मुद्दल एकरकमी. सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे. १९३४ला फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था आली. ती स्वतः कर्ज देत नसे. बँकेच्या कर्जाला सरकारी विमा देई, त्यामुळे बँका वीस, पुढे पंचवीस-तीस वर्षांच्या समान हप्त्यांवर, वीस किंवा दहा टक्के आगाऊ रकमेवर कर्ज देऊ लागल्या. अमेरिकन मध्यमवर्ग या विम्यावर उभा राहिला. आणि या विम्याच्या नियमपुस्तिकेत वस्तीची वांशिक एकजिनसी रचना हा मूल्य टिकवणारा गुण मानला होता. १९३८च्या पुस्तिकेत तर घराच्या दस्तातच ‘अमुक वंशाखेरीज कोणी राहू नये’ अशी अट घालण्याची शिफारस होती.

यासंदर्भात लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या रंगांचे जे नकाशे सगळीकडे दाखवतात, ते दुसऱ्या संस्थेचे, म्हणजे बुडू घातलेली घरकर्जे सावरणाऱ्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेचे. कर्जाला सर्वांत धोक्याची वस्ती त्यात लाल रंगाची असे. दोनशेहून अधिक शहरांचे ते नकाशे १९३५ ते १९४० दरम्यान तयार झाले. त्यासोबतचा छापील तक्ता वाचण्यासारखा आहे: रहिवाशांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण, ‘निग्रो’ आहेत का आणि किती टक्के, आणि त्यापुढे एक रकाना: ‘कोणाची घुसखोरी’. पण एक चूक टाळा. या संस्थेने स्वतः कृष्णवर्णीयांनाही कर्जे दिली होती आणि तिचे नकाशे बँकांना सरसकट वाटले गेले नव्हते. ‘लाल रेषेमुळे सगळे झाले’ ही मांडणी सोपी आहे, अपुरी आहे. खरे नुकसान विमा देणाऱ्या संस्थेच्या रोजच्या नकारांनी केले. डेट्रॉइटमध्ये १९४१ला एका बिल्डरने कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी वसाहत आखली, तेव्हा मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधल्यावरच विम्याला मान्यता मिळाली. ती भिंत आजही उभी आहे.

युद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहिले. सतरा हजारांवर घरे, १९४९ला किंमत आठ हजार डॉलरच्या आत, माजी सैनिकाला आगाऊ रक्कम जवळपास शून्य. सुरुवातीच्या भाडेकरारातल्या पंचविसाव्या कलमात लिहिले होते की घरकामाचे नोकर सोडून गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणाला घर वापरू देणार नाही. मिसिसिपीत १९४७च्या एका मोजणीत माजी सैनिकांना सरकारी हमीने मिळालेल्या तीन हजारांहून जास्त कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त दोन. आठ हजारांचे ते घर आज पाच लाखांच्या वर जाते. महागाईचा हिशोब लावला तरी आठ हजारांचे लाखभरच होतात. उरलेली वाढ म्हणजे मालकाच्या मुलांचे कॉलेज, नातवाच्या घराची आगाऊ रक्कम, म्हातारपणीची पुंजी.

ज्यांना हे कर्ज मिळाले नाही त्यांनी घरे घेतली नाहीत असे नाही. शिकागोत त्यांनी घेतली, पण कशावर, तर आपल्या भाषेत साठेखतावर. सट्टेबाज घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून घर बारा हजारांना उचलत आणि काही महिन्यांत कृष्णवर्णीय कुटुंबाला सत्तावीस हजारांना देत. खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर दुरुस्ती, घरपट्टी, विमा सगळे घेणाऱ्याचे, मालकी मात्र विकणाऱ्याची. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. १९६८ला नॉर्थ लॉनडेल भागातल्या कुटुंबांनी संघटना करून हप्ते अडवले आणि काहींनी करार बदलूनही घेतले. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासाने एकट्या शिकागोतल्या या व्यवहारांत तीन ते चार अब्ज डॉलर गेल्याचा अंदाज काढला. ही कुटुंबे बचत करत नव्हती असे म्हणणाऱ्याने हे हप्त्यांचे हिशोब पाहावेत. गोऱ्या कर्जदारापेक्षा ती दरमहा जास्तच भरत होती.

मग १९६८चा कायदा आला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली, सही ११ एप्रिलला. मंजूर होण्यासाठी त्यातले दात आधीच काढून घेतले होते. तक्रारीला १८० दिवसांची मुदत, गृहनिर्माण खात्याला फक्त समेट घडवण्याचा अधिकार, समोरच्याने नाही म्हटले की खात्याचे हात टेकले, आणि न्यायालयात दंडात्मक भरपाईची कमाल मर्यादा हजार डॉलर. एका घरामागे दलालाला याहून जास्त कमिशन मिळे. खात्याचे पहिल्या निक्सन सरकारातले मंत्री जॉर्ज रॉम्नी यांनी उपनगरांचा निधी अडवून इस्पितळांचाच प्रयोग करून पाहिला. मिशिगनमधल्या वॉरेन शहरात त्यावरून गदारोळ झाला आणि निक्सन यांनी तो बंद पाडला. माझ्या मते घरांच्या बाबतीत सगळ्यात मोठी संधी तिथे गेली. दुरुस्ती झाली थेट १९८८ला: खात्याकडे तक्रारीला एक वर्ष, न्यायालयात दोन वर्षे, हजाराची मर्यादा रद्द, दंडाची तरतूद.

तोपर्यंत भेदभावाची तऱ्हा बदलली होती. ‘तुम्हाला घर देणार नाही’ असे आता कोणी तोंडावर म्हणत नाही. ‘ते कालच गेले’ म्हणतात, किंवा दुसऱ्याच वस्तीतली घरे दाखवतात. ज्याच्यावर हे होते त्याला पत्ताच लागत नाही, मग तक्रार कशाची करणार? म्हणून जोडीची चाचणी करतात. उत्पन्न, नोकरी, कुटुंब, मागणी सगळे सारखे ठेवून एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय ग्राहक थोड्या अंतराने एकाच दलालाकडे पाठवायचे. दोघांनी परस्परांशी न बोलता लगेच सगळे लिहून काढायचे: किती घरे सांगितली, किती दाखवली, कुठली, आधी कर्जाचे पत्र मागितले का. असे खोटे ग्राहकही दावा लावू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ला मान्य केले आहे. एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नये. घर खरोखरच विकले गेलेले असू शकते. न्यूज्डे या दैनिकाने लॉंग आयलंडवर केलेल्या अशा चाचण्या २०१९ला छापल्या. कृष्णवर्णीय ग्राहकांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली, हिस्पॅनिकांना ३९ आणि आशियाईंना १९ टक्के वेळा.

समजा, उद्यापासून एकही दलाल, एकही बँक भेद करत नाही. तरी दरी भरत नाही, आणि का ते एका व्यवहारात दिसते. तीन लाखांचे घर घ्यायचे आहे. आईवडिलांनी हातभार लावला तर साठ हजार, म्हणजे वीस टक्के, भरता येतात आणि कर्जविमा लागत नाही. हातभार नसेल तर साडेतीन टक्के आगाऊ रकमेवर मिळणारे सरकारी विम्याचे कर्ज: आगाऊ १०,५००, कर्ज २,८९,५००. त्यावर सुरुवातीचा विमा पावणेदोन टक्के, म्हणजे पाच हजारांच्या वर, आणि मग वर्षाला ०.५५ टक्के, म्हणजे सुरुवातीला महिना १३० डॉलरच्या आसपास. दहा टक्क्यांहून कमी भरले असेल तर हा विमा पूर्ण मुदतभर सुटत नाही. व्याजदर खाली येऊन नवे कर्ज घेता आले तरच सुटका. एकाच घरासाठी कमी संपत्तीचा माणूस जास्त मोजतो, आणि यात कोणाचाही द्वेष लागत नाही.

त्यावर मूल्यांकन. मूल्यांकक त्याच परिसरात नुकतीच विकली गेलेली किमान तीन घरे घेतो आणि त्यांच्याशी तुलना करून आकडा काढतो. ज्या वस्तीत अनेक दशके कर्ज नीट पोचले नाही, तिथले भाव दबलेले. ते दबलेले भाव नव्या आकड्याचा पाया होतात. बँकांकडून घरकर्जे विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या कंपनीच्या २०२१च्या अभ्यासात कृष्णवर्णीय बहुसंख्य भागांत १२.५ टक्के मूल्यांकने ठरलेल्या किमतीच्या खाली आली, गोऱ्या भागांत ७.४ टक्के. सौदा तीन लाखांचा आणि मूल्यांकन २,८०,००० आले, तर बँक कर्जाचे ऐंशी टक्के या दोन्हींतल्या कमी आकड्यावर धरते: कर्ज २,२४,०००. साठ हजार तयार ठेवलेल्याला ७६ हजार आणावे लागतात, नाहीतर सौदा मोडतो. अशा वेळी फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यात ‘अन्याय झाला’ असे लिहून काही होत नाही. मूल्यांककाने न घेतलेली, अलीकडची, आकाराने जवळची दोन-तीन विक्रीची उदाहरणे जोडावी लागतात.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या भारतीय लोकांकडून एक आक्षेप हमखास येतो: आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि एका पिढीत वर गेलो, मग यांना काय झाले? १९२३ साली पंजाबातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारले होते. १९४६नंतर भारताला वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. दार उघडले ते ऑक्टोबर १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणातच झाला. त्यात शिकलेल्यांना प्राधान्य होते. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर-डॉक्टर भारतात स्वस्तात मिळालेली पदवी घेऊन पोचले तेव्हा १९६८चा कायदाही झालेला होता. बॅगा दोनच होत्या, पण निवड होऊन आलेल्या माणसांच्या होत्या.

आणि या व्यवस्थेत आपणही भाग घेतो. घर शोधताना पहिला प्रश्न ‘शाळा कशी आहे?’ शाळेचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो. भाव चढे तिथे पैसा जास्त. हा फरक केंद्राच्या घटनेविरुद्ध नाही असे न्यायालयाने १९७३ला टेक्सासच्या खटल्यात ठरवले. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात शहर आणि उपनगरे मिळून मुलांची सरमिसळ करण्याचा आदेशही रद्द झाला. त्यामुळे हद्दीपलीकडे घर घेतले की प्रश्न संपतो, ज्याला घेता येते त्याच्यापुरता. जाणता दलाल ‘तिथे कोण लोक राहतात’ याचे उत्तर देत नाही, कारण ते उत्तरच भेदभाव ठरू शकते. तो शाळेच्या सरकारी आकडेवारीकडे बोट दाखवतो.

एक गैरसमज जाता जाता काढतो. आपल्यासारखे घटनात्मक आरक्षण अमेरिकेत कधीच नव्हते. प्रवेशातल्या राखीव जागा १९७८लाच बेकायदा ठरल्या. वंश हा अनेकांतला एक घटक म्हणून पाहायला मुभा होती, तीही २०२३च्या हार्वर्ड खटल्याने गेली.

तुम्ही एखाद्या शहरापुरते हे तपासणार असाल तर गृहकर्ज अर्जांची सरकारी माहिती सगळ्यांना खुली आहे. बँका ती १९७५च्या कायद्याने दरवर्षी देतात. २०२२ला साध्या खरेदीकर्जात कृष्णवर्णीय अर्जदारांना नकाराचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होते, गोऱ्यांना सातच्या आत. पण खुल्या माहितीत अर्जदाराचा क्रेडिट स्कोअर नसतो, म्हणून नुसत्या या फरकावरून बँकेवर आरोप ठेवू नका. एकाच उत्पन्नगटात, एकाच प्रकारच्या कर्जात, त्याच शहरातल्या दुसऱ्या बँकांशी तुलना करा. नकाराआधी पाहा की त्या भागातून अर्जच किती आले. शाखा आणि जाहिरात नसलेल्या भागात नकार कमी दिसतात, कारण कोणी अर्जच करत नाही. हेतू सिद्ध न करता परिणामावरून दावा लावण्याची वाट घरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ला पाच विरुद्ध चार मतांनी खुली ठेवली. एप्रिल २०२५च्या आदेशाने राष्ट्राध्यक्षांनी केंद्रीय खात्यांना असे दावे शक्य तितके मागे ठेवायला सांगितले आहे. म्हणजे केंद्राच्या पातळीवर ही वाट आता मुख्यतः खाजगी फिर्यादीच्या हातात आहे, आणि त्याच्यासाठी मुदत अजून दोन वर्षांचीच.